नागपुरात राहून मुंबईत शिडाची नाव भाड्याने चालवता येईल का?

तुमच्याकडे 40 लाख आहेत, राहता नागपुरात, आणि एजंट म्हणतो मुंबईत शिडाची नाव घेऊन चार्टरला लावा, ती आपले हप्ते आपणच फेडेल. भाऊ, मी दोघा मित्रांसोबत जुनी 26 फुटी नाव घेतली होती. तीन सीझन चालवली आणि विकली.

सीझन ऑक्टोबर ते मे. संत्र्याचा आंबिया बहर हुकला तर मृग बहर धरता येतो. नावेला बहर एकच. त्यातही खारे वारे दुपारनंतर सुटतात आणि गिऱ्हाइकाला सूर्यास्तच हवा असतो. म्हणजे शनिवार-रविवारची एकेक संध्याकाळ. 35 आठवडे, 70 फेऱ्या, फेरीचे आम्ही 6,000 घ्यायचो. झाले 4 लाख 20 हजार. तांडेल (नाव चालवणारा) आणि खलाशी मिळून महिन्याला 30,000, तेही बाराही महिने, कारण पावसाळ्यात सोडलेला चांगला माणूस परत मिळत नाही. 3 लाख 60 हजार तिथेच गेले. उरलेल्या 60 हजारांत क्रेन, तळाचा रंग, विमा आणि मूरिंग, म्हणजे नाव बांधून ठेवायच्या जागेचं भाडं, बसवून दाखवा! मधल्या वारी एखादा वाढदिवस यायचा, त्यावर तगलो.

पण आम्हाला खरं बुडवलं ते अंतराने. फोनवर रोज ऐकायचो, ‘साहेब, सगळं बरोबर आहे.’ पहिल्या मे महिन्यात दुरांतोने गेलो, नाव क्रेनवर टांगलेली. तळाला बोटभर शिंपल्यांचा थर, वास असा की जेवण गेलं नाही. शीड उन्हाने इतकं जीर्ण झालेलं की शिवण माझ्या अंगठ्याने उसवली. गेटवेजवळ राहणाऱ्याला हे डिसेंबरातच दिसलं असतं.

नवी घेणार असाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून हौशी नौकांवर जीएसटी 40 टक्के आहे, म्हणजे 40 लाखांतले 11 लाखांवर करातच. शिवाय भाड्याने माणसं बसवायची तर परवाना, तपासणी, विमा सगळं व्यावसायिक वापराचं लागतं. खासगी विम्यावर चालवली आणि काही झालं, तर कंपनी हात वर करते.

तरीही हौस असेलच, तर मुंबईत राहणाऱ्या, स्वतः शीड हाताळणाऱ्या माणसासोबत छोटा हिस्सा घ्या. गेल्या सीझनच्या फेऱ्यांची वही आधी मागा. आणि नाव बघायला जानेवारीत नाही, जूनमध्ये जा, ती जमिनीवर असते तेव्हा.