आवळण्याचा हव्यास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

स्पोर्ट टूरिंग मोटारसायकलींची निगा घरच्या घरी राखणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. वेगवान इंजिन, मागे बसलेला माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि दिवसाकाठी पाचशे-सहाशे किलोमीटरची मजल, असे या गाड्यांचे आयुष्य असल्यामुळे लहानशी चूकही त्यांच्यात लवकर उघडी पडते. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली, ती म्हणजे बिघाडामागे हयगय क्वचितच होती. बहुतेक ठिकाणी मालकाने काही ना काही गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवले होते.

प्रश्न : माझ्या गाडीची चेन सैल होऊन स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) आपटत असे, म्हणून मी ती अजिबात हलणार नाही इतकी ताणून घेतली. दर आठवड्याला तेलही देतो. तरीही आता पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) बाजूने चालत्या गाडीत घरघर ऐकू येते आणि दोघे बसल्यावर ती वाढते. चेन बदलावी का?

उत्तर : चेन बदलण्याआधी ती आजच सैल करा. आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. मागचे चाक स्विंगआर्मच्या टोकाला असते, आणि पुढचे स्प्रॉकेट स्विंगआर्मच्या खिळीच्या थोडे पुढे असते. चाक वर-खाली होताना या दोन स्प्रॉकेटांमधील अंतर सारखे राहत नाही. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची खिळी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होते. गाडी रिकामी स्टँडवर उभी असताना ही रेषा जुळलेली नसते. माणसे आणि सामान चढले, त्यात खड्डा आला, की ती जुळते आणि चेनला त्या क्षणी जास्तीची लांबी लागते. स्टँडवर दिसणारी ढील ही त्या क्षणासाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे. ती आपण आधीच खर्च केल्यामुळे सगळा ताण गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. सैल चेन आवाज करते, त्रास देते, फारच दुर्लक्ष झाले तर स्प्रॉकेटवरून उतरते. घट्ट चेन मात्र गुपचूप बेअरिंग खाते, आणि ते बेअरिंग बदलण्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन उघडावे लागते.

ढील मोजण्याची पद्धत अशी. चेनच्या खालच्या पदराच्या मध्यावर पोलादी पट्टी उभी धरावी, बोटाने चेन आधी खाली आणि मग वर ढकलावी, आणि चेनच्या एकाच खिळीच्या दोन्ही स्थितींमधला फरक पाहावा. बहुतेक गाड्यांमध्ये तो 25 ते 45 मिमीच्या दरम्यान कुठेतरी असावा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरून घ्यावा. तेथे गाडी साइड स्टँडवर हवी की मधल्या स्टँडवर हेही दिलेले असते आणि त्याने आकडा बदलतो. मोजमाप एकाच जागी करून भागत नाही. चाक थोडे थोडे फिरवून पाच-सहा ठिकाणी पाहावे, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथल्या मापाने ढील ठरवावी.

ॲक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेऱ्यांनी सारखे फिरवावेत. नट पुन्हा आवळण्याआधी एक जुनी युक्ती वापरावी. इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये असताना मागच्या स्प्रॉकेट आणि चेन यांच्यामध्ये जाड फडक्याची घडी अडकेल इतके चाक हाताने फिरवावे, म्हणजे चाक पुढे ओढले जाऊन ॲडजस्टरवर पक्के टेकते. त्याच स्थितीत नट पुस्तिकेतील टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) आवळावा आणि फडके काढून ढील पुन्हा मोजावी. नट आवळताना ती थोडीफार बदलते, आणि हे दुसरे मोजमाप बहुतेक जण गाळतात.

तेलाविषयी थोडे. आपल्या चेनमध्ये ओ-रिंग किंवा एक्स-रिंग असणार. तिच्या खिळ्यांभोवतीचे ग्रीस कारखान्यातच भरून या रबरी कड्यांनी बंद केलेले असते, आणि बाहेरून दिलेले तेल तिथवर पोहोचत नाही. ते रोलर, गंज आणि कड्यांचा मऊपणा यांच्यासाठी असते. त्यामुळे पेट्रोल आणि तारेचा ब्रश चेनपासून लांब ठेवावा. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. तेल प्रवासाहून आल्यावर, चेन कोमट असताना द्यावे. इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडका लावणाऱ्यांची बोटे स्प्रॉकेटमध्ये गेली आहेत, म्हणून चाक नेहमी हातानेच फिरवावे.

ढील योग्य केल्यावरही घरघर राहिली, तर चेन उतरवून पुढचे स्प्रॉकेट हातात धरा आणि शाफ्ट वर-खाली हलतो का पाहा. हलत असेल, किंवा स्प्रॉकेटमागच्या सीलमधून तेल पाझरत असेल, तर गाडी कारागिराकडे न्यावी. चेनची झीज पाहायची असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या दातावरची कडी ओढून बघा. अर्ध्याहून अधिक दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत.

प्रश्न : तेल बदलल्यापासून ड्रेन बोल्टखाली थेंब जमतो. बोल्ट दोनदा जोर लावून आवळला, तरी थेंब थांबत नाही. शिवाय मोटारीसाठी आणलेले चांगल्या प्रतीचे तेल शिल्लक होते, तेच घातले आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

उत्तर : संबंध नाही, पण दोन्ही एकाच दुपारी झाल्या आहेत. तिसऱ्यांदा जोर लावू नका. ड्रेन बोल्ट पोलादाचा आणि त्याचे घर ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे हार मानायची झाली तर ती घरच मानते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे केले आहे. बोल्ट चांगला घट्ट होत आला होता, पाना हाताला विरोध करीत होता, आणि ‘अजून थोडेसे’ म्हणून मी ढकलला, तर विरोध एकदम नाहीसा होऊन पाना हलक्या हाताने पुढे सरकला. त्या क्षणी काय झाले ते कळायला उजेडाची गरज पडली नाही. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. पुढे त्या भोकात नवे आटे बसवून घ्यावे लागले.

अशा बोल्टला साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. 25 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले तर सुमारे 25 न्यूटन-मीटर होतात. यावरून खांद्याचा जोर किती अनाठायी आहे ते लक्षात यावे. पुस्तिकेतला आकडा बहुधा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तेल लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला अधिक ताणला जातो. थेंबाचे कारण बहुतेक वॉशरमध्ये असेल. बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला जाऊन जागा धरतो, आणि दुसऱ्यांदा तितकाच नीट बसेल याची खात्री नसते. तेल काढून नवा वॉशर घाला.

तेल काढायचेच आहे, कारण आपला क्लच घसरतो आहे. यातील बहुतेक गाड्यांचा क्लच ओला असतो, म्हणजे त्याच्या प्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या अनेक तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, आणि क्लचला हवे असते ते घर्षणच. त्यासाठी ‘जासो’ ही जपानी प्रमाणपद्धती 1998 पासून आहे. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए 2’ लिहिलेले तेल ओल्या क्लचसाठी असते, तर ‘एमबी’ हे मुख्यतः ज्या स्कूटरांचा क्लच तेलात नसतो त्यांच्यासाठी. तेल आणि फिल्टर बदलल्यावर क्लच पुष्कळदा ताळ्यावर येतो. त्यानंतरही घसरत राहिला, तर आधी क्लच केबलची ढील पाहावी आणि मगच प्लेटांकडे वळावे.

प्रश्न : पुढच्या ब्रेकचे तेल स्वतः बदलले. आता लिव्हर मऊ लागतो आणि जवळजवळ हँडलपर्यंत येतो. गाडीला एबीएस (चाक अडकू न देणारी ब्रेकप्रणाली) आहे. मी ती तशीच हळू चालवत कारागिराकडे नेऊ का?

उत्तर : चालवत मुळीच नेऊ नका. लिव्हर कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, आणि न्यावीच लागली तर वाहनात चढवून न्यावी.

नळीत हवा राहिली आहे. तेल दाबले जात नाही पण हवा दाबली जाते, म्हणून आपल्या बोटांचा जोर ब्रेकच्या पिस्टनपर्यंत जात नाही. हवा वर चढते, हे ध्यानात घेतले की काम सोपे होते. पुष्कळ गाड्यांत हँडलवरच्या मास्टर सिलिंडरला नळी जोडणारा बोल्ट हीच उंच जागा असते आणि बुडबुडे तिथे दडून बसतात. हँडल असे वळवा की ब्रेक तेलाची टाकी सपाट राहील आणि तो सांधा तिच्यापेक्षा उंच राहणार नाही. टाकीचे झाकण काढून लिव्हर अगदी थोडा, पाचेक मिलिमीटर, हळूहळू दाबत-सोडत राहा. टाकीच्या तळाच्या बारीक छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत धीर धरावा; दहा मिनिटे लागली तरी चालेल.

मग कॅलिपरच्या (चाकाजवळच्या, ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. क्रम असा ठेवावा : लिव्हर दाबायचा, निपल पाव फेरी उघडायचा, लिव्हर खाली जाऊ द्यायचा, निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच लिव्हर सोडायचा. बंद करण्याआधी सोडला तर नळी हवा परत आत ओढते. टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. आपल्याकडे बहुधा नेमके हेच झाले असावे. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर हवा एबीएसच्या घटकात शिरलेली असू शकते, आणि तिथली हवा काढण्यासाठी काही गाड्यांत त्यातील व्हॉल्व्ह संगणकीय उपकरणाने उघडावे लागतात. पुढचे आणि मागचे ब्रेक एकमेकांना जोडलेल्या गाडीत निपल उघडण्याचा क्रमही पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा लागतो. दोन-तीन प्रयत्नांत लिव्हर कडक झाला नाही तर हे काम आपले नाही असे समजावे.

डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 या प्रतींची ब्रेक तेले हवेतले पाणी शोषतात. डॉट 4 च्या प्रमाणात नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो; 3.7 टक्के पाणी शोषलेल्या तेलासाठी ती मर्यादा 155 अंशांवर येते. सामानासकट लांब घाट उतरताना तेल उकळून वाफ झाली, तर लिव्हर आपल्याला आज लागतो तसाच मऊ लागेल. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे आणि वर्षभर उघडा पडलेला डबा वापरू नये. डॉट 5 हे सिलिकॉनचे असते. नावे जुळती असली तरी ते यांच्यात मिसळत नाही. आणि रंगावर सांडलेले ब्रेक ऑइल पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

प्रश्न : गाडी 26,000 किमी चालली आहे. पुस्तिकेत व्हॉल्व्हची फट तपासायला सांगितली आहे, पण इंजिन अतिशय शांत चालते. काहीच आवाज नसताना उघडायची गरज आहे का?

उत्तर : आहे. या इंजिनांत पुष्कळदा व्हॉल्व्ह झिजत झिजत आपल्या बैठकीत खोल जातो, त्यामुळे फट वाढण्याऐवजी कमी होते. फट वाढली तर टकटक ऐकू येते. कमी झाली तर इंजिन उलट अधिकच शांत होते. फट पूर्ण नाहीशी झाल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता मिटलेला असतानाच बैठकीला देतो. तो संपर्क तुटला की तो जळतो. या शांततेवर विश्वास ठेवू नये.

मोजणे घरी जमण्यासारखे आहे. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. फीलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाचे) पाते कॅम आणि त्याखालची, व्हॉल्व्हवरची वाटी म्हणजे बकेट यांच्यामध्ये सरकवले की किंचित ओढ लागली पाहिजे, मिटलेल्या वहीतून पान ओढावे तशी. प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा कागदावर उतरवा. सगळे मर्यादेत असतील तर झाकण लावून मोकळे व्हा. एखादा बाहेर असेल तर शिम, म्हणजे फट ठरवणारी धातूची चकती, बदलावी लागते. समजा फट 0.10 मिमी मिळाली, हवी 0.20 आणि जुनी शिम 1.80 मिमी जाडीची आहे, तर नवी 1.70 ची लागेल. हिशेब सोपा आहे, पण त्यासाठी कॅमशाफ्ट उतरवावे लागतात आणि टायमिंगच्या खुणा एक दात जरी चुकल्या तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. पहिल्यांदा करताना शेजारी जाणता माणूस असावा, टायमिंग चेनच्या विहिरीत फडका कोंबलेला असावा, आणि किती फडके कोंबले ते लिहून ठेवलेले असावे. जोडणी झाल्यावर सेल्फ दाबण्यापूर्वी इंजिन पान्याने हळूच दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. कुठे अडले तर तिथेच थांबावे.

प्रश्न : सकाळी सेल्फ दाबल्यावर नुसती टिकटिक होते. नवी बॅटरी आणू का?

उत्तर : आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू हलतात का पाहा; आवळायला मनाई नसलेली ही या अंकातली एकमेव जागा. मग मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट किंवा अधिक असेल तर ती भरलेली आहे; 12.0 च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. चार्ज करून गाडी चालू करा आणि इंजिनाच्या मिनिटाला 5,000 फेऱ्यांवर पुन्हा मोजा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे आणि संशय बॅटरीवर किंवा रात्रभर वीज खाणाऱ्या एखाद्या जोडउपकरणावर जातो. 13 च्या वर जातच नसेल, तर नवी बॅटरी घेऊनही आठवड्याभरात तीच टिकटिक ऐकू येईल. अशा वेळी व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला वीज तयार करणाऱ्या स्टेटरशी जोडणाऱ्या तीन तारांचा जोड उघडून पाहा. त्याचे प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळलेले पुष्कळदा सापडते.