आमचा मराठवाड्यातला दगडी वाडा शंभर वर्षं उभा आहे. भूकंपात टिकेल का, हे कसं ओळखायचं?

शंभर वर्षं उभा आहे म्हणजे त्याने शंभर वर्षं वजन पेललंय, एवढंच. आडवा हिसका ही वेगळी परीक्षा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत जाडजूड भिंतीच आधी फुटल्या. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मधे माती-खडी. दोन्ही थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, टनावारी ओझं.

म्हणून पहिलं काम: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आहेत का ते बघा. साधारण दर 60 सेंमी उंचीवर आणि आडवे 1.2 मीटरच्या आत ते हवेत. कोनाड्यात किंवा पडक्या भागात भिंतीचं पोट दिसतं, तिथे कळेल. मग वरून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडा. मधे फुगवटा आला असेल तर थर सुटायला लागलेत. हातोडीने ठोकून पोकळ, बद्द आवाज कुठे येतो तेही ऐका. कोपऱ्यातल्या उभ्या भेगा, तुळईची कुजलेली टोकं आणि माळवदावर दरवर्षी चढवलेली माती, हे सगळं टिपून ठेवा.

खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत असेल तर बराच दिलासा. भिंत ढासळली तरी छप्पर अंगावर यायची शक्यता कमी.

वरून सिमेंटचा गिलावा मारून भेगा झाकू नका, ओल आत अडकते. अंतिम निर्णय जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. त्याला आयएस 13935 या भारतीय मानकाप्रमाणे मजबुतीकरण सुचवायला सांगा. माळवदावरची जादा माती मात्र उतरवायला आत्ताच घ्या.