रोज धावते, तरी टाइम कमी होत नाही

"मॅडम, दीड वर्ष झालं, पोट्टी रोज धावून राहिली. टाइम काही कमी होत नाही. तिच्यात दमच नाही का?" दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून आलेले वडील विचारत होते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) हाच प्रश्न टायपिंगचा येतो, गणिताचाही येतो. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं मूल मनाशी धरूनच आलेलं असतं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

भरतीत मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत धावलं की पूर्ण २० गुण. हिचं ३:१० च्या खाली येत नव्हतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला लावलं. ते ठीक निघालं. मग विचारलं, रोज करतेस काय?

"पहाटे डांबरी रोडनं फाट्यापर्यंत जाऊन येते. पाच किलोमीटर."

"वेग?"

"रोजचाच. कानात गाणे राहतात."

मी वडिलांकडे वळले. "काका, उभ्या पिकात डवरताना (म्हणजे बैलांनी कोळपताना) लक्ष कुठं असतं?"

"लक्ष कायले लागते? बैलं चालतेत, हात चालतेत."

"आणि पेरताना?"

"पेरताना मांगं पाहा लागते. तास वाकडं गेलं तं वर्षभर दिसते."

मुलीनं मान वर केली ती तेव्हा.

काम अंगवळणी पडलं की शरीर तेवढ्यापुरतंच तयार राहतं, त्याच्या पुढं जात नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. सरावाच्या तासांना महत्त्व आहेच, पण चूक हेरून, तीच सुधारण्यासाठी केलेल्या सरावाचे तास वेगळे, असं त्यांचं म्हणणं. हिच्या दीड वर्षात चूक दाखवणारं कुणीच नव्हतं.

शाळेच्या मैदानावर भावानं दर २०० मीटरला वेळ घेतली: ३८, ४५, ५५, ५२ सेकंद. तिला वाटायचं, शेवटी दम कमी पडतो. खरं तर सुरुवातीलाच जास्त जोरात सुटून ती तिसऱ्या टप्प्यात बसत होती. तिला हवे होते प्रत्येकी ४२-४३. ओळखीच्या क्रीडाशिक्षकांनी आखून दिलं: आठवड्यातून तीन दिवस २०० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक ४३ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. पहिली धाव ४० मध्ये आली तर तीही चूकच धरायची. गाणी बंद, वहीत आकडे. पहिल्या आठवड्यात ती वैतागली, पाच किलोमीटर सोपे होते म्हणाली. ते सोपे होते म्हणूनच अडलं होतं, हे मी तिला तेव्हाच सांगितलं.

दोन महिन्यांनी फोन आला. एकूण ३:०० झाले होते, म्हणजे अजून दहा सेकंद बाकी. पण ते तिनं नंतर सांगितलं. आधी म्हणाली, "मॅडम, तिसरे दोनशे मीटर सत्तेचाळीस सेकंदांमंधी आले."