मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात सुनिटिनिबची गोळी नेमके काय करते?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘क्लिअर सेल’ हा असून त्यातील बहुतेक गाठींमध्ये व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. परिणामी प्राणवायू कमी पडत असल्याचा खोटा संदेश पेशींना मिळत राहतो आणि त्या व्हीईजीएफ हे प्रथिन सोडून आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेतात. सुनिटिनिब या प्रथिनाच्या ग्राहींचे, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या पेशींवरील रेणूंचे, काम रोखते, त्यामुळे गाठीची रसद तुटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ इंटरफेरॉन या तेव्हाच्या प्रचलित औषधावर ५ महिने, तर सुनिटिनिबवर ११ महिने होता. हा फरक मोठा आहे, परंतु हे बरे होणे नव्हे, आणि ते कुटुंबीयांना आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते. आज अनेक रुग्णांना ॲक्सिटिनिबसारखी याच प्रकारची गोळी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीसोबत (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणाऱ्या औषधासोबत) सुरुवातीपासूनच दिली जाते.

गोळी घरी घेता येते म्हणून ती सौम्य समजू नये. रक्तदाब वाढतो, तळहात-तळपाय सोलवटतात, थायरॉइड मंदावते. त्रास झाल्यास कर्करोगतज्ज्ञांना तातडीने कळवावे, कारण मात्रा कमी करून किंवा मध्ये खंड देऊन उपचार बहुधा चालू ठेवता येतात.