ड्रॅगन बॉल फायटर्झ या फायटिंग गेमचा स्टोरी मोड संपवला, तरी ऑनलाइन प्रत्येक मॅच हरतो. ऑटो कॉम्बो सोडून द्यावा का? कोणत्या मोडमध्ये सराव करावा?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतात, ऑटो कॉम्बो मारणारा हा खेळाडूच नव्हे. त्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहायला बसले. असंच वाक्य मी घरात दीड वर्षं ऐकलंय, धाकट्या भावाच्या तोंडून.

आधी तुमच्या प्रश्नाचं. ऑटो कॉम्बो, म्हणजे एकच बटण दाबत राहिलं की आपोआप होणारी हल्ल्यांची साखळी, सोडू नका. लाइट बटण दाबत राहिलं की पात्र आपोआप समोरच्याला हवेत नेतं, मीडियम दाबत राहिलं की शेवटी सुपर, म्हणजे पात्राचा मोठा हल्ला, बसतो आणि त्यात की-गेजचा (लढताना भरत जाणाऱ्या शक्तीच्या पट्टीचा) एक बार जातो. आर्क सिस्टम वर्क्सने २०१८ साली हा गेम काढला तेव्हा ही सोय मुद्दाम ठेवली. ज्याने आयुष्यात कधी फायटिंग गेम खेळला नाही, पण गोकू माहीत आहे, त्यालाही पहिल्या पाच मिनिटांत गोकूसारखं लढता यावं म्हणून. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. ऑटो कॉम्बोने मार कमी बसतो आणि त्याची चाल ठरलेली असते, एवढंच. पण तुम्ही हरताय त्याचं कारण हे नाही. तुम्हाला मार अडवता येत नाही, म्हणून तुम्ही हरताय.

स्टोरी मोडने तुम्हाला हे कळूच दिलं नाही. तिथे नकाशावर एकेक लढत करत पुढे जायचं, पात्रांची लेव्हल वाढत जाते, स्किल लावता येतात. पुढे पुढे तुमचे ठोसे जड होतात ते लेव्हलमुळे. समोरचे क्लोन, म्हणजे पात्रांच्या नकला, उभे राहून मार खातात. त्यातली अँड्रॉइड २१ या पात्राची गोष्ट छान आहे, मी तिन्ही भाग मनापासून खेळले, पण त्यातून लढायला शिकता येत नाही. आर्केड मोड थोडा बरा. तीन, पाच आणि सात लढतींचे मार्ग आहेत, आणि चांगलं खेळलात तर पुढची लढत वरच्या, अवघड वाटेने जाते. तरी तिथेही कॉम्प्युटर तुमची सवय ओळखून तुम्हाला फसवत नाही. माणूस फसवतो.

आता भावाचं सांगते.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. गेम त्याने आणला, कंट्रोलर दोन होते आणि समोर बसायला मीच होते. प्रत्येकाची तिघांची टीम असते. त्याची टीम सेल, मोठा गोहान आणि व्हेजिटा. माझी क्रिलिन, पिकोलो आणि अँड्रॉइड १८. मी अँड्रॉइड १८ घेतली ती तिच्या असिस्टसाठी (हाक मारल्यावर जोडीदार क्षणभर मदतीला येतो तो), कारण ती येऊन आपल्याभोवती बॅरियर उभा करते. टीम निवडतानाच माझा कल कुठे होता ते यावरून कळेल. पहिले कित्येक महिने मी एकही मॅच जिंकले नाही. तो लांबलचक कॉम्बो मारायचा, मी खाली पडायचे, उठायचे, परत कॉम्बो. मग मी ठरवलं की आधी मार खायचा नाही. स्टिक मागे धरायची, म्हणजे गार्ड करायचं, आणि बघायचं.

त्यावर तो म्हणाला, "ताई, तू खेळत नाहीस, तू नुसती थांबतेस."

हे मला लागलं. आजही लागतं, कारण ते चूक आहे. या गेममध्ये गार्ड करताना डोक्यात काय काय चालू असतं ते बघा. बसून गार्ड केलं की पुढे अधिक मीडियम (स्टिक पुढे ढकलून मीडियम बटण) डोक्यावर येतो, हा प्रत्येक पात्राकडे आहे. उभं राहून गार्ड केलं की खाली अधिक मीडियम पायात बसतो. दोन्ही अडवलं, तर ड्रॅगन रश येतो, लाइट आणि मीडियम एकत्र दाबून मारलेला हल्ला, जो गार्डच मोडतो. त्याला उत्तर म्हणजे नेमक्या क्षणी आपणही लाइट आणि मीडियम एकत्र दाबायचं. सुपर डॅश (लांबून थेट उडत येणारी झेप) मारत कोणी अंगावर आलं की खाली अधिक हेवी. समोरचा दाबतच सुटला असेल तर मागे अधिक स्पेशल, म्हणजे रिफ्लेक्ट. त्याला एकही बार लागत नाही, पण ड्रॅगन रशपुढे तो चालत नाही. आणि अगदीच कोंडी झाली तर एक बार खर्चून गार्डमधूनच जोडीदाराला आत आणता येतं, पुढे अधिक असिस्ट. हे सगळं अर्ध्या सेकंदात निवडायचं असतं. याला थांबणं कोण म्हणेल?

भावाचा एक ठरलेला डाव होता. सेलने जवळ यायचं, व्हेजिटाला हाक मारायची, तो मागून गोळ्यांची सरबत्ती सुरू करणार, आणि मी गार्डमध्ये अडकले की सेल तीनपैकी एक करणार: पायात, डोक्यावर किंवा ड्रॅगन रश. दर वेळी माझा अंदाज चुकायचा. तो कामानिमित्त दुसरीकडे राहायला गेला, तेव्हा मी प्रॅक्टिस मोड उघडला. तिथे समोरच्या पुतळ्याला चाल शिकवता येते. मी स्वतः सेल झाले, व्हेजिटाला हाक मारली आणि भावाचे तिन्ही प्रकार एकेक करून रेकॉर्ड केले. मग त्यातला कुठलाही येऊ दे असं लावलं आणि समोर अँड्रॉइड १८ घेऊन नुसतं अडवत बसले. बटण मारायचं नाही, फक्त अडवायचं. अकरा संध्याकाळी केलं. पहिल्या दोन दिवसांत दहापैकी तीन अडले असतील. पाचव्या-सहाव्या दिवशी मला दिसायला लागलं की डोक्यावरचा मीडियम येताना सेलचं शरीर आधी थोडं उचललं जातं. ड्रॅगन रशची सुरुवातही वेगळी असते, तो सरळ अंगावर धावतो. आधी हे मला दिसतच नव्हतं, कारण मी माझ्याच पात्राकडे बघत असायचे. अडवताना डोळे समोरच्यावर हवेत. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

मग तो सुट्टीला आला. ती मॅच मला ठोसा न् ठोसा आठवते. क्रिलिन लवकर गेला. भावाने पहिल्याच मिनिटात स्पार्किंग (थोडा वेळ ताकद वाढवणारी सोय) फोडलं, कॉम्बो लांबवला आणि त्याला संपवलं. स्पार्किंग मॅचमध्ये एकदाच मिळतं, हे तो नेहमी विसरतो. पिकोलोने जाता जाता गोहानला बाद केलं. उरली अँड्रॉइड १८, पाव लाइफ, आणि समोर अर्धा सेल आणि जवळजवळ अख्खा व्हेजिटा. तो आरामात मागे टेकला. माझ्याकडे स्पार्किंग तसंच होतं. मार खाताना ते फोडता येत नाही, त्यामुळे एकदा जरी चुकले असते तरी ते हातातच राहिलं असतं.

त्याने व्हेजिटाला हाक मारली. गोळ्या आल्या, मी बसून गार्ड धरला. सेलचं शरीर उचललं गेलं, मी उभी राहिले. अडला. पुन्हा व्हेजिटा, पुन्हा गोळ्या, आणि या वेळी तो सरळ धावला. मी लाइट-मीडियम दाबलं आणि दोघं एकमेकांपासून फेकले गेलो. तो काही बोलला नाही, पण सरळ होऊन बसला. मग त्याने लांबून सुपर डॅश मारला. मी खाली अधिक हेवीने त्याला वर उडवलं, लगेच स्पार्किंग फोडलं आणि साधाच कॉम्बो मारून वर एक सुपर लावला. सेल गेला. आपले जेवढे गडी बाद झालेले, तेवढं स्पार्किंग जास्त वेळ टिकतं, म्हणून शेवटच्या पात्रासाठी ते राखून ठेवायचं. माझं निळं लाइफ, म्हणजे गमावलेलं पण परत मिळू शकणारं, डोळ्यांसमोर भरत होतं, की-गेज आपोआप चढत होता. व्हेजिटा एकटा उरला आणि एकट्याला असिस्ट नसतो. त्याने घाईत शेवटचा बार व्हॅनिशवर, म्हणजे गायब होऊन मागून मारण्यावर, घालवला. मी अडवला. आता गार्ड सोडवून घ्यायला त्याच्याकडे रिफ्लेक्टखेरीज काहीच नव्हतं. तिथून पुढे मी त्याला ऊठ-बस करू दिली नाही.

मॅच संपल्यावर तो म्हणाला, "पण तू अडवतच होतीस."

हो, अडवतच होते. एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत, २०१८च्या अंतिम लढतीत सॉनिकफॉक्सने जपानच्या गो१ला हरवलं, आणि पुढच्याच वर्षी, २०१९ला, त्याच स्पर्धेत त्याच खेळाडूला हरवून गो१ जिंकला. गो१ची ख्याती कशासाठी आहे ते कोणालाही विचारा. त्याच्या गार्डसाठी. समोरच्याच्या हल्ल्यांच्या लांबलचक माळा चालू आहेत आणि हा माणूस शांतपणे एकेक घाव अडवतोय, एवढंच बघायला मी त्याच्या मॅच पुन्हा पुन्हा लावते. तो नुसता थांबतो असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? भावाला मी ती अंतिम लढत पूर्ण दाखवली. त्याचं म्हणणं पडलं की गो१चे कॉम्बोसुद्धा मोठे आहेत. आहेतच, पण कॉम्बो मारायची वेळ येईपर्यंत जिवंत राहायला आधी गार्ड लागतो, हे तो सोयीने गाळतो.

तुमच्यासाठी म्हणून सांगते. महिनाभर वर्ल्ड मॅचमध्ये, म्हणजे अनोळखी लोकांशी ऑनलाइन, रँक्ड (क्रमवारीसाठीच्या) मॅच खेळू नका. ओळखीचं कोणी असेल तर रिंग मॅच (ओळखीच्यांशी ऑनलाइन लढत) लावा आणि ज्या डावाने हरलात तो त्याच दिवशी प्रॅक्टिसमध्ये रेकॉर्ड करा. कॉम्बो चॅलेंज बघितलेत तरी चालेल, पण त्यातले शेवटचे कॉम्बो पाठ करण्यात वेळ घालवू नका. मॅचमध्ये तशी संधी सहसा येत नाही. सात बार भरले की लोकांना चैन पडत नाही आणि ते तीन बारांचा सुपर मोकळ्या मैदानात सोडतात. तुम्ही तसं करू नका, एक बार कायम गार्डसाठी राखून ठेवा. मॅचमध्ये ड्रॅगन बॉल गोळा करून शेनरॉन या ड्रॅगनला बोलवायच्या मागेही लागू नका. सातही गोळे जमून, सात बार भरून, वर लाइटचा ऑटो कॉम्बो बसला तरच तो येतो. आला तर फार सुंदर दिसतो, पण त्यासाठी मॅच पणाला लावू नये. हेवीने शेवट करून नामेकवर गोकू आणि फ्रीझाचा तो प्रसंग जुळवायचा मोह मात्र मी अजून टाळू शकत नाही. ते अ‍ॅनिमेशन इतक्या प्रेमाने केलंय की पहिल्यांदा बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. नुसतं अडवून जिंकता येत नाही. अडवल्यावर मिळालेल्या संधीत बसणारा एक भरवशाचा कॉम्बो हवाच, आणि तो यायला लागेपर्यंत त्या जागी मीडियमचा ऑटो कॉम्बो खुशाल मारा. भावाचं इतकं म्हणणं मला मान्य आहे. दुसरं, तुम्ही कशावर खेळता ते महत्त्वाचं आहे. आधी ऑनलाइनमध्ये तुमचं बटण समोरच्याच्या बटणाची वाट बघत अडकायचं, त्यामुळे ड्रॅगन रश बघून उत्तर देणं जवळजवळ अशक्य होतं. २०२४च्या फेब्रुवारीत पीसी, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर रोलबॅक ही ऑनलाइन खेळाची नवी पद्धत आली. आता तुमचं बटण लगेच लागतं, गेम समोरच्याचा अंदाज धरून पुढे जातो आणि चुकला तर क्षणभर मागे येऊन दुरुस्त करतो. जुन्या कन्सोलवर खेळत असाल तर तुमच्या हरण्यात थोडा वाटा त्याचाही असेल.

आणि टीममध्ये कोण कोण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. माझा सगळा हिशेब अँड्रॉइड १८चा आहे. अँड्रॉइड १६ किंवा ब्रोलीसारखा धिप्पाड गडी पुढे ठेवत असाल, तर त्याचं अंग मोठं असल्यामुळे उड्या मारून त्याच्यावर येणारे जास्त भेटतील. अशा वेळी खाली अधिक हेवीचा सराव सगळ्यात आधी करा, गार्डच्याही आधी.