शहाण्यातलं ज्ञान आणि अकलेची दोरी

प्रश्न असा आला आहे: "नागपुरात प्रतापनगरला आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. रोज संध्याकाळी जिथे बसतो तिथे फलक लावायचाय. निम्मे म्हणतात 'ज्ञानकट्टा' लिहा, निम्मे म्हणतात 'शहाणपणाचा कट्टा'. दोन शब्दांत नेमका फरक काय?"

बरं झालं विचारलंत. इंग्रजी 'विज्डम' दिसलं की डोळे मिटून 'ज्ञान' लिहायची खोड आता सगळीकडे लागली आहे. परवा एका व्याख्यानात ऐकलं, "वय वाढतं तसं ज्ञान येतं." अहो, ज्ञान मिळतं, येतं ते शहाणपण. मराठीत ज्ञान देता-घेता येतं, शहाणपण सुचतं, आणि तेही बहुतेकदा उशिरा. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, ज्ञानी होत नाही. क्रियापदांकडे नुसतं लक्ष दिलं तरी निम्मा फरक कळतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

खरी गंमत 'शहाणा' या शब्दाच्या पोटात आहे. तो आला 'सज्ञान'वरून. 'ज्ञा' धातूचंच आपलं घरगुती रूप म्हणजे 'जाण'. स-जाण, त्यातला ज झिजून सयाण, आणि पुढे शहाणा. हिंदीतला सयाना, पंजाबीतला सियाणा, गुजरातीतला शाणो हे सगळे सख्खे भाऊ. 'स'चा 'श' कसा झाला? सीमेची शीव झाली, सीवनाचं शिवणं झालं, तसाच. तिथे पुढच्या 'इ'ने 'स'चा 'श' केला, इथे पुढच्या 'य'ने. सीताबर्डीच्या पानठेल्यावर एखादा पोरगा "लय शायना झाला का बे?" म्हणतो, तेव्हा शुद्धलेखनवाले कान झाकतात आणि 'हिंदीची भेसळ' म्हणतात. भेसळ कसली! जुन्या 'सयाण'मधला 'य' त्या पोराच्या तोंडी अजून ऐकू येतो. तुमच्या-माझ्या छापील 'शहाणा'त तो हरवला.

आता बघा, 'सज्ञान' हा शब्द तसाच्या तसा कोर्टातही बसला आहे. १८७५च्या कायद्याने अठरा वर्षं पुरी झालेला माणूस सज्ञान. हिंदीत "लड़की सयानी हो गई", आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात "पोरगी शाणी झाली". शब्द एकच, एक वकिलाच्या कागदावर, दुसरा माजघरात. दोन्हीकडे अर्थ वयाचा आहे, पुस्तकाचा नाही. म्हणजे ज्ञान आणि शहाणपण वेगळे कसे असं विचारताना लक्षात ठेवा की शहाण्याच्या आत ज्ञान आहेच. फरक त्या 'स'चा, म्हणजे 'सह'चा. ज्ञान जवळ असणं निराळं आणि ते ऐन वेळी सोबत असणं निराळं.

काही मंडळी 'शहाणा' फारसी 'शाह'वरून आणतात: शाहासारखा तो शाहाना, तोच शहाणा. नागपुरातलेच एक जाणकार, ज्यांच्याबद्दल मला एरवी आदर आहे, हे दरवर्षी भाषणात सांगतात. साफ चूक. फारसी 'शाहाना' म्हणजे राजेशाही थाटाचा. तो शब्द आपल्याकडे आला, पण शहाणा कानडा या रागाच्या नावात, माणसाच्या स्वभावात नाही. आणि गुजराती शाणो, पंजाबी सियाणा यांचं काय करणार? त्यांनाही गादीवर बसवणार?

फारसी-अरबीच हवी असेल तर 'अक्कल' घ्या. माझा सर्वात आवडता शब्द. अरबीतल्या 'अक्ल'च्याच धातूतून 'इकाल' येतो. इकाल म्हणजे उंटाने उठून जाऊ नये म्हणून त्याचा दुमडलेला पाय बांधायची दोरी. अरबांच्या डोक्यावरच्या रुमालाला जी काळी गोल दोरी असते तीही इकालच. अक्कल म्हणजे मुळात बांधून ठेवणं! 'हिकमत'ही अरबीत शहाणपणाचाच शब्द, आणि त्याच धातूतला 'हकमा' म्हणजे लगामाचा घोड्याच्या जबड्याभोवती येणारा भाग. मराठीत आल्यावर हिकमत लगाम सोडून युक्तीकडे धावली, ते वेगळं.

यावरून माझं एक मत बनलं आहे आणि ते मी सोडणार नाही: शहाणपण म्हणजे थांबता येणं. मराठीतच पुरावा आहे. आई मुलाला "शहाण्यासारखा बस" म्हणते तेव्हा तिला पाढे म्हणून दाखवायला नको असतात. हात आवरून बसायला हवं असतं. पोळ्याला बैलाला नवी वेसण घालतात ना, माझ्या लेखी 'अक्कल'चं ते वऱ्हाडी भाषांतर आहे.

गीतेतल्या तेराव्या अध्यायाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की अमानित्व, अदंभित्व म्हणजे मानाची हाव नसणं, ढोंग नसणं, हे सगळं तिथे 'ज्ञान'च म्हटलंय. म्हटलंय, आणि संस्कृतात ते चालतं. पण आजच्या मराठीत 'सामान्यज्ञान' म्हणजे राजधान्यांची नावं. समर्थांना दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगून भागलं नाही, 'पढतमूर्खा'साठी वेगळा समास घालावा लागला, तो उगाच नाही.

दीक्षाभूमीच्या गावात 'प्रज्ञा' विसरून कसं चालेल? गल्लोगल्ली मुलींचं नाव आहे ते. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध पंडिताने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात नाण्यांच्या ढिगाची उपमा दिली आहे. लहान मूल फक्त रंग, आकार, नक्षी बघतं, ती संज्ञा. खेडूत ओळखतो की हे चलन आहे, याने वस्तू मिळते, ते विज्ञान. सराफ मात्र नाणं बघतो, वाजवतो, हुंगतो, चाखतो, हातात तोलतो आणि खरं की खोटं, कुठल्या गावी पाडलं तेही सांगतो, ती प्रज्ञा. तिन्ही शब्द 'ज्ञा'चेच. इतवारीच्या सराफ्यात लहानपणी एका म्हाताऱ्या सराफाला चांदीचा रुपया फरशीवर टाकून कान देताना मी पाहिलंय. आवाज विरेपर्यंत तो काही बोलला नाही.

फलकाचं राहिलंच. 'शहाणपणाचा कट्टा' लिहू नका, लोक वाचतील 'शहाणपणा'. देवाकडे मागतो ते शहाणपण. करू नकोस म्हणून दटावतो तो शहाणपणा. मोठेपण आणि मोठेपणा यांतही हाच फरक आहे. षष्ठीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून 'शहाणपण कट्टा' असं लिहा, आणि रंगवताना पेंटरच्या शेजारी उभे राहा. शेवटच्या 'ण'ला काना देऊ देऊ नका.