आजीच्या पाटल्या, आजीच्या ओव्या

प्रश्न : आईची आई सहा महिन्यांपूर्वी गेली. ‘लग्न झालं तरी बाईच्या अंगावरचं सोनं बाईचंच, कपाटाची किल्ली कुणाला देऊ नको,’ असं ती बजावायची. तिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या माझ्या लग्नात मला द्यायच्या, हेही ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. लग्न मार्गशीर्षात आहे. मामा म्हणतो, लेखी काय आहे? आजोबा आहेत. माझा हक्क लागतो का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नुसत्या बोलण्यावर लागत नाही. आजीनं हयातीत पाटल्या तुमच्या हातात ठेवल्या असत्या, तर बक्षीस तिथंच पुरं झालं असतं. दागिन्याला नोंदणी लागत नाही, ताबा दिला की झालं. मृत्युपत्रही साध्या कागदावर चालतं. स्टँप नको, नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. घोळ नेमका इथे होतो : देवाच्या पोथीत ‘पाटल्या नातीला’ अशी चिठ्ठी सापडते, खाली आजीची सही असते आणि साक्षीदार एकही नसतो. अशी चिठ्ठी मृत्युपत्र ठरत नाही.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. पहिले वारस नवरा आणि मुलं-मुली, सारख्या वाट्यानं. म्हणजे आजोबा, मामा, तुमची आई आणि आणखी भावंडं असतील तर तीही. नात थेट वारस होते ती तिची आई किंवा बाप आजीच्या आधी वारला असेल तरच. तेव्हा मामाशी हक्काच्या भाषेत बोलू नका. आईचा वाटा आई देईल. बाकीचे राजी झाले, तर एका कागदावर दागिन्याचं वर्णन, ग्रॅममधलं वजन, तारीख आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, फोटो जोडा आणि पाटल्या त्याच बैठकीत ताब्यात घ्या.

वजनावरून भांडण होतं, ते आधीच मिटवा. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफाचा १० ग्रॅमचा. चार जुने तोळे काट्यावर साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे आजच्या हिशेबात साडेचार तोळ्यांहून जास्त. ‘अर्धा तोळा कुठून वाढला?’ या प्रश्नावर भावंडांनी एकमेकांकडे संशयानं बघायला नको. जोडीला गोठ असतील तर त्यांत लाख भरलेली असू शकते. काट्यावरचं सगळं वजन सोन्याचं धरू नका.

किल्लीचा सल्ला मात्र कायद्याला धरून आहे. लग्नात मिळालेलं स्त्रीधन सासरच्यांच्या कपाटात असलं तरी ते विश्वासानं ठेवायला दिलेलं असतं, मालकी बाईचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. म्हणून दागिन्यांची यादी लग्नाआधीच करा, पावत्या आणि फोटोंची एक प्रत माहेरी ठेवा. लॉकर घ्याल तर स्वतःच्या नावावर.

प्रश्न : आजीनं सासर-माहेराबद्दल सांगितलेलं आणि म्हटलेल्या ओव्या फोनवर आहेत. लिहून कशा काढाव्यात? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी फायली फोनबाहेर काढा, दोन वेगळ्या ठिकाणी. फोन बदलताना व्हॉट्सॲपमधले आवाज राहून गेले, ही रडकथा फार ऐकू येते. मग वीस-वीस सेकंद ऐकून लिहा. दहा मिनिटांना तासभर सहज जातो.

आजी ‘म्या’ म्हणाली असेल तर ‘मी’ करू नका. ओवीतले ‘बाई’, ‘गं’, ओळ परत म्हणणं, सगळं पहिल्या प्रतीत येऊ द्या. सुटसुटीत प्रत नंतर वेगळी करता येते, उलटं जमत नाही. शब्द कळला नाही तर अंदाजानं भरू नका, जागा सोडा आणि तिच्या वयाच्या बाईला ऐकवा. जात्याचे खुंटा, मेख, पाळू हे शब्द तिला ऐकताक्षणी लागतात. प्रत्येक ओवीच्या बाजूला गाव, आजीचं माहेर, ओवी कुणाला उद्देशून (भाऊ, लेक, सासू) हे टिपा. भावाची ओवी लेकीची समजून लिहिली, तर अर्थच उलटा होतो.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी वाचता येतात, काही ऐकताही येतात. आजीची ओवी तिथं थोड्या फरकानं सापडली तर खट्टू होऊ नका, आणि त्यावरून आजीची ओवी दुरुस्तही करू नका.